डोंगर आधी, नाव शेवटी

मी चौथीत होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या वर्गाला ज्या बाई होत्या, त्यांचं माहेर वारूळवाडीचं. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन न्यूझीलंडला गेलेली. न्यूझीलंड म्हणजे आमच्या लेखी क्रिकेटची टीम, एवढंच. तिथं माणसं राहतात, स्वयंपाकपाणी करतात, पोरं शाळेत घालतात, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ही बहीण जानेवारीत माहेरपणाला आली आणि एके दिवशी बाई तिला महाळुंग्याला आमच्या शाळेत घेऊन आल्या. ती तिकडे बालवाडीत शिकवते असं बाईंनी सांगितल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "तिकडंबी बालवाडी असती व्हय?" सगळा वर्ग हसला. तीही हसली, म्हणून ती मला लगेच आवडली.

तिनं फळ्यावर दोन लांबोळकी बेटं काढली. म्हणाली, गोरे लोक तिथं जायच्या कितीतरी आधीपासून तिथं माओरी लोक राहतात. त्यांचे वाडवडील मोठमोठ्या होड्यांतून समुद्र ओलांडून आले. त्या होडीला ते 'वाका' म्हणतात. कुणाचे पूर्वज कोणत्या वाकातून आले हे अजून घरोघरी सांगितलं जातं. माओरी मूल चारचौघांत उभं राहून स्वतःची ओळख सांगतं, तेव्हा आधी आपला डोंगर सांगतं, मग नदी, मग वाका, मग आपली माणसं. आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव.

हे आम्हाला काही पटेना. आमच्यात नाव पहिलं, मग बापाचं, मग आडनाव. हजेरी तशी, मार्कशीट तशी, मार खायला उभं करतात तेही नावानंच.

"नाव शेवटी का पण?" मी विचारलं. गप्प बसणं मला तेव्हाही जमत नव्हतं.

"डोंगर तुझ्या आधीपासून उभा आहे की नाही?" ती म्हणाली. "मग मान कुणाचा पहिला?"

मग तिनं त्यांची भेटण्याची रीत दाखवली. कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवायचं आणि एकत्र श्वास घ्यायचा. झालं! जानेवारीचे दिवस, निम्म्या वर्गाची नाकं वाहत होती. एकमेकांच्या अंगावर जाऊन पोरांनी असा काही धुमाकूळ घातला की बाईंना छडी आपटावी लागली.

"आता तू तुझं सांग की," बाई बहिणीला म्हणाल्या.

ती सरळ उभी राहिली. "माझा डोंगर नारायणगड. माझी नदी मीना. माझी वाका म्हणजे विमान." आम्ही खिदळलो. "माझी माणसं..." म्हणाली आणि अडकली. ओढणीनं डोळे पुसायला लागली. मोठं माणूस असं आमच्यासमोर रडताना आम्ही पाहिलं नव्हतं. मग ती स्वतःच म्हणाली, "तिकडं पोरांसमोर कितीदा म्हणते, तिकडं काही होत नाही. इथं येऊनच मेलं रडू येतं."

शनिवारी प्रत्येकानं आपापली ओळख तशीच उभं राहून सांगायची, असं ठरलं. त्यासाठी घरी जाऊन विचारायचं, आपण मूळचे कुठले, आपले लोक इथं कसे आले.

आमच्या घरी हा प्रश्न दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारायला काही जड गेलं नाही. दादा ओट्यावर चहा पीत होते. "डोंगर? ह्यो काय मागं दिसतोय, गुरं चरायला जातात त्यो. नदी घोड. आन वाका म्हंजी काय ती, आपली बैलगाडी धर. आपण काय समुद्रातनं आलेलो न्हाई, राव." म्हणून हसले आणि उठून रानात गेले.

आई चुलीपुढं होती. मी तिच्यापाशी जाऊन बसले. "आणि तुझं?"

"माझं काय? बायामाणसांचं कोण इचारतंय. सासरचं तेच माझं."

"बाईंच्या बहिणीनं माहेरचंच सांगितलं. लग्न झालंय तरी."

आईनं भाकरी उलटली. माझ्याकडं न बघता दुसरी थापायला घेतली. मला वाटलं, रागावली. पण ती रागावली नव्हती.

आईचं माहेर वर, डिंभ्याच्या धरणाच्या पोटात गेलेलं. धरणात पाणी साठायला लागलं तशी ती सगळी गावं उठली. मामा, आजोबा, सगळे खाली नव्या गावठाणात आले. हे मला माहीत होतं, पण जसं एखाद्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं माहीत असतं तसं. नवं गावठाण हेच माझं आजोळ, मी तेच पाहिलेलं. सरळ गल्ल्या, एकासारखं एक घर, झाड औषधाला नाही.

"डोंगर हाय माझा," आई म्हणाली. "त्याला कोण बुडवतंय? आमच्या दारातनं त्याचं शिंग दिसायचं. पावसाळ्यात चार चार दिस ढगात असायचा, आबा म्हणायचा, डोंगर निजलाय. नदी म्हणशील तर हीच, घोड. वरची. गाव..." आणि ती थांबली. "गाव सांगू नगो. न्हाई त्याचं नाव कशाला घ्यायचं."

आबा म्हणजे तिचे वडील. ते नव्या गावठाणात आले आणि दोन पावसाळ्यांत गेले. त्यांना तिथं करमलंच नाही. भातखाचरांतला माणूस, त्याला बाजरीच्या रानात काय गोडी? पहाटे उठून विचारायचे, नदीचा आवाज का येत नाही. घराबाहेर पडले की घर हरवायचं. गल्ल्या सगळ्या सारख्या, भलत्याच्याच पडवीत जाऊन बसायचे आणि तिथल्या सुनेकडं पाणी मागायचे. लोक हसायचे. मामाला लाज वाटायची. आईला मात्र ते ऐकलं की जेवण जायचं नाही.

आणि ते गेले तेव्हा दहाव्याला कावळा शिवला नाही. उन्हं डोक्यावर आली, सगळे हात जोडून थकले. मामानं कबूल केलं, आईनं कबूल केलं, लेकरांना सांभाळू, गाय विकणार नाही, जे जे सुचलं ते ते. कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. लोक पांगले. आईच्या मनातनं मात्र ते गेलं नाही.

"त्याला कुठं यायचं तेच कळलं नसंल," ती चुलीतला जाळ मागं ओढत म्हणाली. "जित्तेपणी ज्याला त्या घराची वाट घावली न्हाई, त्याला मेल्यावर घावंल व्हय? त्यो जुन्याच दारात जाऊन बसला असंल. एकदा त्या उंबऱ्यावर त्याला घास ठेवायला पायजे. एवढं केलं की मी सुटले."

मला एवढंच समजलं की आईला एकदा तिच्या जुन्या घरी जायचंय आणि ते घर पाण्यात आहे.

शनिवारी बाईंची बहीणही पुन्हा आली आणि वर्गात एकेक जण उभा राहिला. आमच्या वर्गात एक जैनांची मुलगी होती, तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. ती म्हणाली, "आमचे पणजोबा राजस्थानातून आले. माझी वाका उंट." मग तिनं बाईंना विचारलं, "तिकडं लग्नाला गेलं की आम्हाला दखणी म्हणतात, आणि इथं मारवाडी. मग मी डोंगर कुठला सांगू?" बाई म्हणाल्या, "तुला कुठला आपला वाटतो?" तिनं खिडकीतून आमचाच डोंगर दाखवला. तेव्हा मला जरा रागच आला होता, आता नाही येत.

माझी पाळी आली. दादांचं सगळं घडाघडा सांगून झालं आणि मग मी आईचं सुरू केलं. तिचा डोंगर, तिची नदी. आणि गाव. आईनं सांगू नको म्हणलं होतं, तरी मी गावाचं नाव घेतलं. म्हणाले, ते पाण्याखाली आहे.

"मग तुझी आजी मासोळी का गं?" मागून एक पोरगा म्हणाला. आणि सगळा वर्ग फुटला. मी दप्तर उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. दप्तरात लोखंडी कंपासपेटी होती. तो बोंबलला, बाईंनी मला कोपऱ्यात उभं केलं. बाईंची बहीण माझ्यापाशी आली, खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "पाण्याखाली गेलं तरी तुझंच आहे ते. सांगत जा." मी रडत होते, मला ते तेव्हा नीट ऐकूही आलं नाही. त्यानंतर वर्षभर मला शाळेत सगळे मासोळी म्हणायचे.

घरी कळायचं ते कळलंच. त्या पोराची आई भांडायला आली. ती गेल्यावर आईनं मला विचारलं, "कशापायी मारलंस?" मी सांगितलं. मला वाटलं, आता आईचापण मार. तर आई हसायलाच लागली, पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "गावाचं नाव घेतलंस तू?" पुन्हा पुन्हा विचारत राहिली. "सगळ्यांफुडं घेतलंस?"

ते वर्ष दुष्काळाचं होतं. धरण पार तळाला गेलं, जुनी गावं उघडी पडली, अशी बातमी मंचरच्या बाजारातून आली. आईनं मनाशी पक्कं केलं. यंदाची आखिती जुन्या उंबऱ्यावर. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांना जेवू घालतात, त्यांच्या नावानं नव्या केळीत, म्हणजे मातीच्या छोट्या घड्यात, पाणी भरून ठेवतात. तिनं मामाला निरोप धाडला, तू चल, घर तुला नीट दाखवता येईल. मामाचा उलटा निरोप आला, "काय हाय आता तिथं? निस्ता गाळ. पाय रुतून मरशील." मामा असाच. त्यालाही दुखत असणार, पण तो दुखणं चिडण्यात काढायचा.

मग आम्ही दोघीच निघालो. आईनं पहाटे उठून पुरण घातलं, आमरस, कुरडई, आणि आबांना आवडायचा म्हणून मऊ भात. सगळं एका डब्यात. केळी माझ्या हातात. मंचरला एसटी बदलली, घोडेगावहून जीप. जीपमध्ये माणसं कोंबलेली, मी आईच्या मांडीवर केळी जपत बसलेली. जीप सोडून धरणाच्या उतारावरून खाली चालायला लागलो, तेव्हा आईनं चप्पल काढून हातात घेतली. मी विचारलं, "पाय भाजतील की." ती म्हणाली, "गावात आलो आता."

मला तर गाव कुठं दिसत नव्हतं. भेगा पडलेला पांढुरका गाळ, लांबच लांब. मधोमध नदीची बारीक धार. हिरड्याची झाडं बुडायच्या आधीच तोडलेली, त्यांचे काळे बुंधे. काही घरांची दगडी जोती तेवढी वर आलेली. आमच्यासारखी आणखी माणसं आली होती. कुणी जोत्यावर बसून भाकरी खात होतं, एक म्हातारा नातवाला दाखवत होता, हितं गोठा, हितं चूल, हितं तुझा बाप जन्मला.

आई आधी भराभर चालली. मग हळू झाली. मग एका मोकळ्या, सपाट जागी उभीच राहिली. डोंगराकडं बघायची, मग नदीकडं, मग खाली पायांकडं. तिथं काहीच नव्हतं. दगड नाही, जोतं नाही, नुसता गाळ. मला कंटाळा आला. मी पुढं पळत गेले, आणि खालच्या अंगाला मला एक दगडी उंबरा दिसला. चांगला रुंद, त्यावर कोरलेलं फूल.

"आई! सापडला! उंबरा सापडला!"

ती लगेच आली नाही. मला कुठला धीर! मी उंबऱ्यावर चढले, डोंगराकडं तोंड केलं आणि बाईंच्या बहिणीनं शिकवलं तसं सुरूच केलं. माझ्या आईचा डोंगर. माझ्या आईची नदी. मी म्हणत होते आणि आई डबा घेऊन हळूहळू खाली येत होती. मी माणसांपाशी आले, आबांचं, मामाचं, आईचं नाव घेतलं आणि शेवटी माझं, मोठ्यानं, अख्ख्या धरणाला ऐकू जाईल असं.

"हेच ना गं आपलं घर?" मी विचारलं.

आई माझ्याकडं बघत राहिली. "हो," म्हणाली. "हेच."

तिनं उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं. पत्रावळीवर घास वाढला, केळीतलं पाणी ठेवलं. आम्ही बाजूला झालो. आणि काय सांगू, कावळा आला! वाट बघायला लावली नाही, काही नाही, थेट येऊन पुरणपोळीचा लचका तोडला. मी टाळ्या पिटून नाचायला लागले. "आबांनी घेतलं! आई, आबांनी घेतलं!" आई नदीकडं तोंड करून बसली होती. पदर डोळ्याला होता. मी म्हणलं, बरं झालं, आई सुटली.

पुढं पाऊस चांगले झाले. गाव पुन्हा पाण्यात गेलं. मी मात्र ही गोष्ट येईल त्याला सांगायची. मासोळी म्हणणाऱ्या पोरांना सांगितली, मैत्रिणींना सांगितली, लग्नाकार्यात नातेवाइकांना सांगितली. आईसमोरही सांगितली, पुष्कळदा. ती ऐकायची आणि कामाला लागायची.

मी मंचरला अकरावीला जात होते, त्या वर्षी पुन्हा पाऊस कमी झाला. मामा मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. धरणाचं बोलणं निघालं तशी मी म्हणाले, "मामा, यंदा तुम्ही चलाच आखितीला. मी दाखवते तुमचं घर. उंबरा अजून शाबूत आहे, फूल कोरलेला."

मामाचा कप हातातच राहिला. "फुलाचा उंबरा?" तो म्हणाला. "आगं, त्यो आपला न्हवं. आपला लाकडी व्हता, त्यो कवाच सडला. फुलाचा दगड खालच्या आळीच्या भावकीचा. बांधावरनं वैर व्हतं त्यांचं आन आबाचं. उभ्या जन्मात आबा त्या घरचं पाणी प्याला न्हाई. वाटंनं जाताना तोंड फिरवून जायचा." मग तो हसला. "आन तुमी त्याला तिथं जेवाय घातलं व्हय? अरे देवा!"

मला काही हसू आलं नाही. मामा गेल्यावर मी मागं कांद्याच्या चाळीत गेले. आई कांदा निवडत बसली होती, चांगला एकीकडं, सडका एकीकडं. मला वाटत होतं, हे तिला सांगायचं कसं. एवढी वर्षं ती समाधानात होती, आणि आता मी जाऊन ते मोडायचं. पण न सांगता मला राहवेना. मी सांगितलं.

तिनं मान वर केली नाही. "मला ठाव हाय," म्हणाली.

"कधीपासून?"

"तवापासनंच. मी वर हुबी व्हते न्हवं का, त्या सपाटीवर? तेच आपलं घर. डोंगराचं शिंग तिथनंच तसं दिसतं. पार गाळात गेलं व्हतं. डबा तिथंच सोडणार व्हते मी."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलेच तिच्यावर. "मी तुला विचारलं होतं, हेच ना? तू हो म्हणालीस!"

"तू निम्मं म्हणली व्हतीस गं. डोंगर झाला व्हता, नदी झाली व्हती. मधीच कसं थांबवायचं तुला? साळंत पोरं मासोळी म्हणायची, रोज रडत यायचीस. त्या दिशी त्या दगडावर हुबी राहून कसं छाती काढून नाव सांगितलंस तू. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे. माझ्या पोरीला गाव घावलं."

"आणि आबा? कावळा तर आला होता."

"कावळा त्यांच्या दारात आला. त्यांचा कुणीतरी आला असंल." तिच्या हातातला कांदा तसाच राहिला. "आबा त्या दारात पाय ठेवतोय व्हय? मान लई त्याला. वरच हुबा राह्यला असंल, आपल्या जागंवर. नातीचं बोलणं ऐकलं असंल, भरलेलं ताटबी बघितलं असंल. आन तसाच माघारी गेला असंल." आई माझ्यासमोर लहान पोरीसारखी रडायला लागली. "दोन येळा उपाशी गेला गं माझा बाप. आन दुसऱ्या टायमाला मी तिथंच हुबी व्हते."